त्रेपन्न नंबरचा शनी

संख्या शाश्वत आहे. माणसं येतात, जातात, राज्यं फुटून नवी होतात; पण पाच अधिक तीन आठ, हे सत्य सूर्यचंद्र असेपर्यंत ढळायचं नाही.

दुर्गजवळच्या आमच्या कुरुदमध्ये ते एका शनिवारी दुपारच्या चहाला ढळलं. ढळलं म्हणून बरं, नाहीतर शेजारच्या गुंजनचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडलंच होतं. आता सगळं नीट पार पडलंय, म्हणून पाय पसरून सांगता येतं.

गुंजन ही कृष्णराव ठवकरांची मुलगी. ठवकर मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबांनी धान पेरला, वडील इकडे पोलादाच्या प्लांटमध्ये भट्टीवर लागले आणि कृष्णराव इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये. म्हणजे भट्टीपासून दूर, एसी खोलीत, जिथे माणसापेक्षा पॅनेलला जास्त जपतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी सेक्टरमधलं क्वार्टर सोडलं आणि कुरुदला घर बांधलं. आमची गल्ली सरळ आहे. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला तलावाची पाळ. त्यांचं आणि माझं घर यांच्यामध्ये चार इंची भिंत आहे, त्यामुळे पुढची बरीच माहिती माझ्या कानावर पडली असं म्हणता येईल. कान भिंतीवर पडला असंही म्हणता येईल.

गल्लीत आधी घरांना नंबर नव्हते. एकाच ठेकेदाराची घरं, एकाच रंगाची. कोणाचे पाहुणे कोणाकडे जेवून जायचे आणि ढेकर दिल्यावर नाव विचारायचे. मग हिरालाल साहू यांनी, जे इथले मूळचे आणि म्हणून आपोआप अध्यक्ष आहेत, नंबर टाकायचं ठरवलं. कृष्णराव म्हणाले, "माह्याजवळ साचा आहे. ऑइल पेंट द्या, दोन दिवसांत टाकून देतो." आणि दिले टाकून. काळे, ठसठशीत, एकाला एक सारखे. सगळ्यांनी वा म्हटलं. आपापल्या गेटवरचा नंबर पाठ केला आणि दुसऱ्याच्या गेटकडे कोणी पाहिलं नाही. नंबर वाचायला असतात, मोजायला नाही.

कृष्णरावांच्या गेटवर त्रेपन्न आला.

गुंजन हुडको वसाहतीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. लग्नाच्या बाबतीतही तिने बऱ्याच स्थळांचं रक्त काढलं होतं. सुजयला मात्र तिने पहिल्याच भेटीत हो म्हटलं. सुजय रेल्वेत, मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट, दुर्गच्या पद्मनाभपुरात घर. बाकीच्या मुलांनी तिला विचारलं होतं की नोकरी सोडशील का. सुजयने विचारलं, "घाबरलेल्या माणसाचं रक्त कसं काढता?" आणि मग हळूच म्हणाला, "मैं खुद सुई से डरता हूँ." गुंजनने घरी येऊन आईला सांगितलं, "हाच."

तुळसाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, त्याच संध्याकाळी साक्षगंधाची तयारी काढली. रविवार ठरला. गुरुवारी सुजयच्या आईचा, नलूबाईंचा, फोन आला.

"इहीनबाई, राग नका मानू. पोरगी लाखात एक आहे. पण घराचा आकडा चांगला नाई ना."

"कोन्या घराचा?"

"तुमच्या. धर्मेंद्रजींनी पाह्यलं. त्रेपन्न. पाच न तीन आठ. आठ म्हंजे शनी. पोरगी ज्या घरातून निघते, त्या घराचा आकडा पदरात बांधून आणते म्हणते. माह्या घरी शनी कसा आणू मी?"

धर्मेंद्रजी हे पद्मनाभपुरातले अंकतज्ज्ञ. आधी त्यांचं मोबाइलचं दुकान होतं. शुभ नंबरची सिमकार्डं ते जास्त भावाने विकायचे. पुढे त्यांच्या लक्षात आलं की सिमशिवाय नुसता शुभपणाही विकता येतो आणि त्याला दुकानभाडं पडत नाही. नलूबाईंचा त्यांच्यावर विश्वास होता, कारण नवरा गेल्यानंतरच्या वाईट काळात त्यांनी सांगितलं होतं की पुढचं वर्ष बरं जाईल, आणि ते गेलं होतं.

तुळसाबाई व्यवहारी बाई. त्यांनी लगेच तोड काढली. "त्यात काय, नंबर पुसून टाकू. दुसरा लिहू. चोपन्न लिहू."

नलूबाईंनीही ते विचारलं होतं. धर्मेंद्रजींचं म्हणणं असं होतं की एकदा पाहिलेला अंक पुसला तर तो जास्त चिडतो. शनीला फसवता येत नाही. हां, नंबर मुळातच चुकीचा पडला असेल तर गोष्ट वेगळी.

"मुळातच चुकीचा" हे शब्द तुळसाबाईंनी नवऱ्यापुढे टाकले, ही त्यांची चूक झाली.

"चुकीचा?" कृष्णराव पेपर खाली ठेवत म्हणाले. "मी टाकला आहे तो. मोजून टाकला."

"अवो, मी कुठं म्हणते तुमी चुकले? नुसतं तसं सांगाचं. पोरीसाठी."

"बरोबर नंबराले चुकला म्हणू? कावून म्हणू? एवढ्या वर्षांत माही एक वायर चुकली नाई."

"वायरीचं लग्न नाई होऊन राहिलं!"

पण कृष्णराव उठून तलावावर फिरायला गेले. नंबरात नेमकं काय वाईट आहे हे त्यांनी विचारलं नाही. आपल्या कामाला कोणी वाईट म्हणतंय एवढंच त्यांना ऐकू आलं.

गुंजन गच्चीवर जाऊन सुजयशी बोलली. गच्चीला तर भिंतही नाही.

"तुझी आई नाही म्हणून राहिली. आणि तू?"

"मी ड्युटीवर होतो ना."

"आता आहेस ड्युटीवर?"

"नाई. पण मम्मी को एकदम से नहीं बोल सकता यार. रडते ती."

"मी पण रडू शकते सुजय. मला फक्त आवडत नाही." शेवटी म्हणाली, "आईला इथं घेऊन ये. मोडायचं असेल तर माझ्या तोंडावर मोडा. फोनवर नाही."

म्हणून शनिवारी दुपारी नलूबाई स्वतः आल्या. सोबत सुजय, ज्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि चेहरा बिनइस्त्रीचा. आणि धर्मेंद्रजी, पायात पांढरे बूट. आमच्याकडे बोलणी मोडताना गल्लीतले दोन जण बसवतात, पुढे कोणी कोणाच्या नावाने बोलू नये म्हणून. ठवकरांनी हिरालालला आणि मला बसवलं. मी अर्थात जड मनाने गेलो.

ऑटोवाल्याने त्यांना गल्लीच्या तोंडाशीच सोडलं होतं, त्यामुळे नलूबाई अख्खी गल्ली चालत आल्या होत्या आणि धापा टाकत होत्या. तुळसाबाईंनी चहा आणून ठेवला. कोणी हात लावला नाही. मोडायला आलेला माणूस त्या घरचा चहा घेत नाही. घेतला तर मोडता येत नाही. पाच कप वाफ सोडत बसले. समोर साक्षगंधासाठी आणलेल्या सुपाऱ्यांची पिशवी होती, ती कोणी उचलायची हे ठरत नसल्यामुळे तशीच होती.

नलूबाईंना मुद्द्याला यायचं नव्हतं. खरं म्हणजे त्यांना मोडायचंही नव्हतं, हे त्यांच्या पदराशी चाललेल्या चाळ्यावरून मला दिसत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "तुमची गल्ली मोठी आहे जी. येतायेता मी गेटं पाहून राहिली होती. म्हटलं, आठ नंबरच्या घरात कोणी सुखी आहे का विचारावं. तेवढाच जिवाले आधार. पण आठ नंबरचं घरच नाई दिसलं."

"कसं दिसन?" तुळसाबाई नवऱ्याकडे बोट करत तडकल्या. "यायच्याजवळ आठ नव्हता."

"नव्हता म्हंजे?"

"साच्यात नव्हता. शून्य ते सात, तेवढाच साचा आहे यायचा. प्लांटच्या वायरींवर नंबर टाकाचा."

"लागतच नाई ना आठ," कृष्णराव म्हणाले. "सातानंतर दहा येते."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाही पटलं.

"अंकल," धर्मेंद्रजी नम्रपणे म्हणाले, "सातानंतर आठ येतो."

"तुमच्याकडं येत असंन."

"सगळीकडेच येतो."

"पॅनेलमध्ये नाई येत." कृष्णराव आता खुलले. तीन दिवसांत कोणीतरी पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल विचारलं होतं. "पाहा, एका कार्डावर आठ वायरी. पहिलीले शून्य, शेवटचीले सात. संपलं कार्ड. मंग दुसऱ्या कार्डाचा एक डावीकडं लिहाचा आन पुन्हा शून्यापासून. दहा, अकरा, बारा... सतरा. सतरानंतर वीस. सत्तावीसनंतर तीस. आठ आन नऊ आणाचे कुठून? आणून ठेवाचे कुठं?"

"आणि घरं?" मी विचारलं.

"घरं पण तशीच टाकली. फक्त शून्यावर राहाले कोणी तयार झालं नाई, म्हणून एकापासून सुरू केलं."

हिरालालच्या तोंडाचा आ झाला. दीड वर्ष ते या गल्लीचे अध्यक्ष होते आणि गल्लीत आठ नाही, नऊ नाही, अठरा नाही, एकोणीस नाही हे त्यांना आत्ता कळत होतं. "ददा गा," ते एवढंच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग शोधायचा होता, पण तो नव्हता. आपण ज्याचे अध्यक्ष आहोत ते नक्की किती आहे, याचा विचार दिसत होता.

तुळसाबाई मात्र नवऱ्याकडे निराळ्याच नजरेने पाहत होत्या. हा माणूस साठाव्या वर्षी निवृत्त झाला की त्याच्या हिशोबाने चौऱ्याहत्तराव्या, असा काहीतरी प्रश्न त्यांना पडला असावा.

पण गुंजन उठून उभी राहिली होती. "बाबा, एक मिनिट. मग आपलं घर कितवं आहे?"

"त्रेपन्न."

"नंबर नाही विचारत. मोजून कितवं? गल्लीच्या तोंडापासून सरळ मोजत आलं तर?"

कृष्णरावांनी डोळे मिटले. त्यांना दहाच्या हिशोबात यायला थोडा वेळ लागतो. "पाच कार्डं पूर्ण. पाच आठे चाळीस. आन तीन. त्रेचाळीस."

"त्रेचाळिसावं," गुंजन सुजयकडे पाहत म्हणाली. "आपलं घर त्रेपन्नावं नाहीच."

सुजय पहिल्यांदाच सरळ बसला. "मम्मी!"

नलूबाईंनी धर्मेंद्रजींकडे पाहिलं. धर्मेंद्रजींनी बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "प्रत्यक्ष मोजावं लागेल."

तर आम्ही सगळे गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि मोजत परत आलो. नलूबाई पुढे, प्रत्येक गेटला हात लावून मोठ्याने मोजत; मागे आम्ही वरातीसारखे. सातपर्यंत त्यांचा आणि गेटचा मेळ बसला. पुढच्या गेटवर दहा लिहिलं होतं, त्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आठ," आणि त्यांच्या अंगावर शहारा आला, तो भीतीचा की आनंदाचा सांगता येणार नाही. त्या घरच्या बाईने बाहेर येऊन विचारलं, "सर्वे है क्या? नाली का भी लिख लो." पुढच्या एकाने दोन गेटं बसवली होती आणि आपलं घर दोनदा धरावं असा त्याचा आग्रह होता. एका प्लॉटवर घरच नव्हतं; नुसता पाया, आणि पायाच्या विटेवर नंबर. धर्मेंद्रजी म्हणाले की घर नाही तर अंक नाही. कृष्णराव म्हणाले, "वायर नसली तरी जागा धराव लागते, नाईतर पुढचं सगळं पॅनेल सरकते." वाद वाढला असता, पण नलूबाईंनी विटेवर पाय देऊन आकडा म्हणून टाकला आणि पुढे गेल्या.

ठवकरांच्या गेटवरच्या त्रेपन्नवर त्यांचा हात पडला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्रेचाळीस." आणि तिथेच गेटच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. "देवा. त्रेचाळीस."

सुटलो, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्रेचाळीस हा तसाही निरुपद्रवी आकडा आहे. बे ते तीस सगळे पाढे म्हणा, तो एकदाही भेटत नाही. कोणाच्या पाढ्यात नाही, त्याला कोणाचा भाग जात नाही. अशा आकड्याचं कोणाशी काय वाकडं असणार?

पण शास्त्राला असं भावनेच्या भरात वागता येत नाही. आत येऊन बसल्यावर धर्मेंद्रजी म्हणाले, "चार अधिक तीन सात. सात म्हणजे केतू. शनी टळला हे खरं. पण केतूमुळे संसारातून मन उडतं."

"उडू द्या ना," तुळसाबाई म्हणाल्या. "आधी संसारात बसू तर द्या."

"आन पाच न तीन आठ होतच नाई," कृष्णरावांना अजून मूळचा मुद्दा सोडवत नव्हता. "सातानंतर दहा, तर पाच न तीन दहा. दहाचे एक न शून्य, एक."

"एक म्हणजे सूर्य," धर्मेंद्रजींच्या तोंडून निघून गेलं.

"देखव भई," हिरालालही आता शास्त्रात उतरले, "हमर इहां तो कोरी में गिनथें. बीस के एक कोरी. दू कोरी अउ तीन. दू अउ तीन पांच."

"पाच... बुध," धर्मेंद्रजी म्हणाले. त्यांचा आवाज थोडा बारीक झाला होता.

गुंजनने पिशवीतल्या सुपाऱ्या सतरंजीवर ओतल्या आणि त्रेचाळीस मोजून बाजूला घेतल्या. दहा-दहाचे ढीग केले: चार, आणि तीन सुट्या. हिरालालने ते मोडून विसाचे केले: दोन, आणि तीन सुट्या. कृष्णरावांनी तेही मोडून आठाचे केले: पाच, आणि तीन सुट्या. त्या तीन सुट्या सुपाऱ्या दर वेळी तशाच एका बाजूला पडून होत्या, त्यांना कोणाच्याच घरात जागा नव्हती. "आणि कॉम्प्युटरमध्ये," गुंजन म्हणाली, "जोडीजोडीनं मोजतात. बत्तीस, आठ, दोन, एक. चार वेळा एक लिहावा लागतो. म्हणजे चार."

"राहू," धर्मेंद्रजी म्हणाले आणि घाईने, "राहू नको. राहू राहू दे."

आमच्या शाळेत याला नवाचा ताळा म्हणायचे. गुणाकार बरोबर आला का हे तपासायला आकड्यांची बेरीज करायची. ती म्हणजे नवाने भागून उरलेली बाकी. त्रेचाळिसाला नवाने भागलं की सात उरतात. आठाच्या गणतीत तीच बेरीज केली तर ती साताने भागल्याची बाकी असते, एक. कोरीत एकोणिसाने, पाच. बाकी म्हणजे कोणी भागलं यावर अवलंबून असलेली गोष्ट. तिच्यावर ग्रह बसवले की त्याला शास्त्र म्हणतात. हे मी तेव्हा बोललो नाही. मी साक्षीदार होतो, आणि साक्षीदाराने समजावून सांगू नये.

बोलल्या त्या नलूबाई. त्यांनी दोन्ही हातांनी सगळ्या सुपाऱ्या एकत्र ओढल्या.

"धर्मेंद्रजी, मले एक सांगा. सुपाऱ्या वाढल्या का?"

"नाही."

"कमी झाल्या?"

"नाही, मावशी."

"मंग ग्रह कावून बदलून राहिले? सूर्य, बुध, केतू, राहू. एवढे तर आमच्या पत्रिकेत नाई." त्यांनी ढिगावर हात ठेवला. "आन शनी कोन्या ढिगात आहे, तेवढा दाखवा. मी ह्या शनीपायी दोन रात्री झोपली नाई."

धर्मेंद्रजींनी ढिगाकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्या माणसाबद्दल थोडी सहानुभूती बाळगायला हवी. त्यालाही हे मोडायचं नव्हतं. मोडलेल्या लग्नाचं कोणी अंकतज्ज्ञाला आमंत्रण देत नाही. त्याला फक्त शास्त्राला धक्का न लावता दारातून बाहेर पडायचं होतं, आणि दार त्याला सापडलं.

"मूळ नियम असा आहे," तो खाकरून म्हणाला, "की ज्याने अंक टाकला, त्याचीच गणती धरायची. अंकलनी आठाच्या गणतीने टाकला. त्या गणतीत पाच अधिक तीन दहा. दहाचा एक. सूर्य. उत्तम योग."

"हा नियम आधीपासून आहे?" मी विचारलं.

"मूळ नियम आहे," तो म्हणाला.

खोलीतली हवा एकदम सैल झाली. सुजय हसला आणि मग आपण हसलो म्हणून घाबरला. कृष्णराव म्हणाले, "म्हंजे नंबर बरोबर होता," आणि बायकोकडे विजयाने पाहिलं. तुळसाबाईंनी तो विजय त्यांना घेऊ दिला. एरवी त्या असं करत नाहीत. नलूबाईंनी समोरचा कप उचलला. चहावर जाड साय आली होती, थंडगार झाला होता. तुळसाबाई "थांबा, गरम करून आणते" म्हणेपर्यंत त्यांनी तो एका घोटात संपवला, सायीसकट, आणि दुसरा उचलला, जो माझा होता.

"मी तर पोलकं पण शिवाले टाकलं होतं," त्या गुंजनला म्हणाल्या. "हिरवं. आता वाटून राहिलं होतं, कुठं घालावं ते."

"उद्या घाला," गुंजन म्हणाली. मग ती आत गेली आणि भिंतीपलीकडून, म्हणजे माझ्या घराच्या बाजूला, तिचं रडणं ऐकू आलं असतं, पण मी तेव्हा नेमका त्यांच्याच घरात होतो. सुजय मात्र उठून आत गेला आणि कोणी त्याला थांबवलं नाही. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, "अरे, सुई नहीं है, रुमाल है, ले ना."

रविवारी साक्षगंध झालं. सुपाऱ्या त्याच वापरल्या.

पुढे काही दिवस गल्लीत कृष्णरावांचं राज्य होतं. ज्याच्या घरात आजारपण होतं, नोकरी अडली होती किंवा सून बोलत नव्हती, तो येऊन विचारायचा, आमच्या नंबरचं आठाच्या गणतीत काय होतं. कृष्णराव प्रत्येकाला तेच सांगायचे, की नंबर आठाच्याच गणतीत आहे आणि तो बरोबर आहे. लोकांना एवढ्याने समाधान व्हायचं नाही. मग ते हिरालालकडे जाऊन कोरीत करून घ्यायचे. दोन्हीकडे जमलं नाही तर गुंजनकडे. काही ना काही चांगलं निघतंच. गणती पुरेशा असल्या की कोणाचंच वाईट उरत नाही. धर्मेंद्रजींनी आपल्या पाटीवर "सर्व गणतींत मार्गदर्शन" अशी ओळ वाढवून घेतली. एका मीटिंगमध्ये ठराव आला की गल्लीला नीट नंबर टाकावेत, आठ-नवासकट. तो एकमताने फेटाळला गेला. आपला ग्रह आता लागला आहे, तो कोणाला हलवायचा नव्हता.

फाल्गुनात लग्न झालं. घर लहान आणि पाहुणे भंडाऱ्यापासून आलेले, म्हणून ठवकरांनी हुडकोतलं मंगल भवन घेतलं. गुंजन आदल्या दिवशी सकाळीच मेंदी आणि सामान घेऊन मावसबहिणींबरोबर तिथे राहायला गेली, तिथेच नटली, आणि तिची पाठवणीही त्रेपन्नच्या गेटातून नाही, तिथूनच झाली.

त्या भवनाला नंबर नाही.